मुलाच्या गुडघ्याची वाटी सारखी सरकते: ऑपरेशनचा विचार करणाऱ्या पालकांसाठी

खो-खोत खांबाला वळसा घालताना, कबड्डीत चढाई करून मागे फिरताना, गरब्यात किंवा नुसतं जिन्यावर पटकन वळताना, पाय जमिनीवर रोवलेला असतो आणि अंग आतल्या बाजूला फिरतं. त्या क्षणी गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला निसटते. मूल कोसळतं, किंचाळतं, आणि पुष्कळदा पाय सरळ करताकरता वाटी आपोआप जागेवर बसते. आईवडील पोहोचतात तेव्हा समोर फक्त सुजलेला गुडघा असतो. मग घरात ठरतं, की लचकला असेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ही मुलं आमच्याकडे असतात, आणि पालकांचे प्रश्न आधी आमच्यासमोर येतात. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न: "ऑपरेशन केलं की कायमचं सुटेल ना?" याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. वाटी कशामुळे सरकते, आणि मुलाची वाढ किती शिल्लक आहे. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

वाटी पहिल्यांदा सरकली तेव्हा

वाटी अजून बाहेरच असेल, तर गुडघा वाकलेला दिसतो आणि बाहेरच्या बाजूला मोठा उंचवटा येतो. मुलाला मागे टेकवून बसवा, पाय आहे तसा उशीचा आधार देऊन ठेवा आणि दवाखान्यात न्या. मुलाने स्वतःच हळूहळू पाय सरळ केला आणि वाटी बसली, तर उत्तमच. तुम्ही मात्र ढकलू नका, खेचू नका. डॉक्टर वेदनाशामक देऊन, पाय हळूहळू सरळ करत वाटीला आतल्या बाजूला आधार देतात. त्याला फारसा जोर लागत नाही.

तेल लावून मालीश, हाडवैद्याकडून "बसवून घेणं", घट्ट फडकं बांधून शेक देणं, हे पहिल्या काही दिवसांत नकोच. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पाय उंचावर, आणि त्या पायावर भार नाही, एवढं पुरे.

वाटी आपोआप बसली तरी एक्स-रे हवा. गुडघा दोन-चार तासांत टम्म फुगला असेल तर आत रक्त साचलंय असं धरून चाला. वाटी निसटताना किंवा परत बसताना मांडीच्या हाडाच्या कडेवर आपटते आणि कूर्चेचा (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराचा), कधी कूर्चेसकट हाडाचा, तुकडा उडतो. सुईने काढलेल्या रक्तावर तेलासारखे थेंब तरंगताना दिसले तर हाडाच्या आतली चरबी बाहेर आली आहे, म्हणजे कुठेतरी मोडलं आहे. निव्वळ कूर्चेचा तुकडा एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळे वाढत्या मुलाला मोठी सूज असेल तर पहिल्याच वेळी एमआरआय करून घेण्याकडे बहुतेक डॉक्टरांचा कल असतो, आणि माझ्या मते तो खर्च वाया जात नाही.

वाटी जागेवर कशी राहते

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढच्या बाजूने एक खोबण असते. गुडघा वाकला की वाटी त्या खोबणीत उतरते आणि तिथे बरीच सुरक्षित असते. पाय जवळजवळ सरळ असताना ती खोबणीच्या वर असते, आणि तेव्हा तिला बाहेर जाऊ न देण्याचं काम मुख्यतः एक अस्थिबंध करतो. वाटीच्या आतल्या कडेपासून मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला जाणारा हा पातळ पट्टा. डॉक्टर त्याला एमपीएफएल म्हणतात, रिपोर्टमध्येही तेच लिहिलेलं असतं. गुडघा वाकवताना सुरुवातीच्या तीस अंशांत वाटीला बाहेर जाण्यापासून अडवणाऱ्या जोरापैकी निम्म्याहून जास्त जोर या एकट्या पट्ट्याचा असतो. वाटी एकदा पूर्ण निसटली की हा पट्टा जवळजवळ नेहमीच फाटतो किंवा ताणला जातो.

मग एकदा पडून वाटी सरकलेली सगळीच मुलं पुन्हा पुन्हा का येत नाहीत? कारण काहींच्याच गुडघ्याची बांधणी सरकायला सोयीची असते. तपासणीत डॉक्टर नेमकं हेच शोधतात:

- खोबण उथळ किंवा सपाट असणं. याचे प्रकार फ्रान्समधल्या लिऑनच्या देजूर पितापुत्रांच्या नावाने ओळखले जातात, ए पासून डी पर्यंत. रिपोर्टमध्ये "ट्रॉक्लिअर डिस्प्लेशिया" असं दिसेल.
- वाटी फार वर बसलेली असणं. याचं एक गुणोत्तर काढतात, 1.2 च्या वर गेलं तर वाटी उंच आहे असं धरतात.
- वाटीखालचा स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) नडगीच्या ज्या उंचवट्याला चिकटतो तो उंचवटा बाहेरच्या बाजूला असणं. सीटी किंवा एमआरआयवर हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात, नाव टीटी-टीजी. मोठ्या माणसांत 20 च्या वर म्हणजे जास्त. लहान मुलाचा गुडघाच लहान, त्यामुळे तिथे हा आकडा जसाच्या तसा लावत नाहीत.
- गुडघे एकमेकांना टेकणारे पाय.
- मांडीचं हाड आतल्या बाजूला किंवा नडगी बाहेरच्या बाजूला जास्त पिळलेली असणं.
- सांधे सैल असणं. अंगठा मनगटाला टेकतो का, कोपर उलटं वाकतं का, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला लागतात का, अशी नऊ गुणांची चाचणी असते.

डाऊन सिंड्रोम, मारफान, एहलर्स-डॅनलॉस अशा आजारांत सांधे मुळातच सैल असतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाची वाटी सरकते तेव्हा दुखेलच असं नाही. मूल चालायला कुरकुरतं, जिना टाळतं, आणि घरच्यांना वाटतं आळस आहे.

तपासणीच्या टेबलावर दोन गोष्टी तुम्हालाही दिसतील. डॉक्टर अंगठ्याने वाटी हळूच बाहेर ढकलतात आणि मूल झटकन त्यांचा हात धरतं. चेहऱ्यावर भीती असते, वेदना असेलच असं नाही. दुसरी, मुलाला टेबलाच्या कडेला बसवून पाय हळूहळू सरळ करायला सांगतात. शेवटच्या काही अंशांत वाटी टुणकन बाहेर उडी मारते. ही उडी जितकी ठळक, तितकी फक्त पट्टा बदलून काम भागण्याची शक्यता कमी.

ऑपरेशन लगेच लागत नाही, ते कधी

पहिल्यांदाच सरकली आहे, आत तुकडा सुटलेला नाही, वाटी आता जागेवर आहे: अशा बहुतेक मुलांना आधी ब्रेस, कुबड्या आणि व्यायाम. ब्रेस काही आठवडे, त्याहून जास्त नाही. पाय महिनोन्महिने बांधून ठेवला की मांडीचा स्नायू झडतो आणि गुडघा आखडतो. खेळ साधारण तीन-चार महिन्यांनी.

"पहिल्याच वेळी फाटलेला पट्टा शिवून टाका, म्हणजे विषय संपला," असं पालक म्हणतात. ऐकायला बरोबर वाटतं. फिनलंडमध्ये 16 वर्षांखालच्या मुलांवर हेच तपासून पाहिलं गेलं. काहींचा पट्टा लगेच शिवला, काहींना नुसते उपचार दिले, आणि सरासरी चौदा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले. शिवलेल्यांपैकी 67 टक्के आणि न शिवलेल्यांपैकी 71 टक्के मुलांची वाटी पुन्हा सरकली होती. म्हणजे ताणला गेलेला पट्टा नुसता शिवून फारसा फरक पडला नाही. म्हणूनच आता जुना पट्टा शिवण्यापेक्षा नवा बसवण्याकडे शल्यविशारदांचा कल आहे.

याच आकड्यांची दुसरी बाजूही बघा. लहान वयात पहिल्यांदा सरकली तर पुन्हा सरकण्याची शक्यता मोठ्या माणसांपेक्षा बरीच जास्त. त्यात खोबण उथळ, वाटी उंच आणि वाढ शिल्लक, असं सगळं एकत्र आलं तर धोका आणखी वाढतो. अशा मुलात पहिल्या वेळेनंतरच ऑपरेशन सुचवणारे डॉक्टर आहेत, आणि थांबू म्हणणारेही आहेत. दोघांपैकी कुणी फसवतंय असं समजू नका. या मुद्द्यावर शास्त्रातच अजून एकमत नाही.

लवकर ऑपरेशन लागतं, ते कधी

सांध्यात कूर्चेचा मोठा तुकडा सुटला असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. तुकडा ताजा असताना, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, विरघळणाऱ्या पिनांनी किंवा छोट्या स्क्रूने परत जागेवर बसवता येतो. उशीर झाला की तुकडा फुगतो, गोल होतो, मग बसत नाही आणि काढून टाकावा लागतो. "परीक्षा झाल्यावर बघू" हे वाक्य इथे चालत नाही.

दुसरा गट वेगळाच आहे. यांच्यात पडणं-आपटणं काही झालेलं नसतं. गुडघा वाकवला की प्रत्येक वेळी वाटी बाहेर जाते आणि सरळ केला की परत येते. काहींची तर कायमच बाहेर असते, जन्मापासून. लहान बाळात हे एक्स-रेवर कळत नाही, कारण वाटी तेव्हा पूर्ण कूर्चेची असते; तिचं हाड साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतं. चालायला उशीर, गुडघा पूर्ण सरळ न होणं, अशा तक्रारींतून हे सापडतं. या मुलांना व्यायामाने फरक पडत नाही. मांडीचा पुढचा स्नायूच आखूड आणि बाहेरच्या बाजूला ओढणारा असतो. तो सोडवून लांब करावा लागतो. हे ऑपरेशन मोठं असतं आणि लहान मुलांच्या हाडांचं काम नेहमी करणाऱ्या डॉक्टरांकडेच व्हावं.

आणि तिसरा गट, ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः आहे: दोन किंवा जास्त वेळा सरकली, व्यायाम नीट केले, तरीही सरकते. या मुलांना ऑपरेशनचा सल्ला मिळतो.

वाढ किती शिल्लक आहे, हे आधी मोजा

गुडघ्याजवळ हाड वाढतं ते एका कूर्चेच्या पट्टीतून, ग्रोथ प्लेटमधून. मांडीच्या हाडाची सुमारे 70 टक्के लांबी खालच्या टोकाच्या पट्टीतून येते, वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर. मुलींमध्ये ही पट्टी साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास मिटत येते, मुलांमध्ये सोळाव्या. हे ढोबळ आहे. बारा वर्षांच्या दोन मुलींपैकी एकीची पाळी सुरू होऊन वर्ष झालेलं असतं आणि दुसरीची उंची वाढायला नुकती सुरुवात झालेली असते. म्हणून डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. दोन मिनिटांचं काम आहे. ऑपरेशन ठरतंय आणि हा विषयच निघाला नाही, तर तुम्ही काढा.

अडचण अशी, की एमपीएफएल मांडीच्या हाडाला जिथे चिकटतो ती जागा या पट्टीला अगदी लागून, काही मिलिमीटर खाली आहे. मोठ्या माणसात तिथे बिनधास्त छिद्र पाडतात. वाढत्या मुलात ड्रिल वर गेलं आणि पट्टी दुखावली, तर पाय वाकडा वाढू शकतो किंवा आखूड राहू शकतो.

कोणतं ऑपरेशन

सुरुवात बहुधा दुर्बिणीने होते. सांध्यात कॅमेरा घालून कूर्चा पाहतात, सुटे तुकडे असतील तर काढतात. मग मुख्य काम.

*नवा पट्टा बसवणं, म्हणजे एमपीएफएल रिकन्स्ट्रक्शन.* आज सर्वाधिक होणारं ऑपरेशन हेच. गुडघ्याच्या थोडं खाली, आतल्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरची चीर देऊन मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूचा एक बारीक स्नायुबंध काढतात, बहुधा ग्रॅसिलिस. तो काढल्याने चालण्या-पळण्यात जाणवेल असं काही कमी होत नाही. त्याची दोन टोकं वाटीच्या आतल्या कडेच्या वरच्या अर्ध्या भागात बसवतात, छोट्या अँकरने (हाडात रुतवायच्या खुंटीने) किंवा आखूड छिद्रांतून. मोठी आरपार छिद्रं पाडली तर पुढे वाटीलाच तडा जाण्याची भीती असते, मुलांची वाटी लहान असते ना. पट्ट्याचं दुसरं टोक मांडीच्या हाडाला.

इथे ऑपरेशन थिएटरमधला सगळ्यात नाजूक भाग येतो. सी-आर्म म्हणजे चालता एक्स-रे गुडघ्याच्या बाजूला लावतात. मांडीच्या हाडाच्या टोकाचे दोन गोल भाग चित्रात एकमेकांवर अचूक येईपर्यंत पाय हलवत राहतात, कारण चित्र जरा तिरकं आलं की पट्टा बसवायचा बिंदू चुकतो. मग ग्रोथ प्लेटच्या खाली सुईएवढी तार घालून पाहतात, समोरूनही चित्र घेतात, आणि नंतरच छिद्र पाडतात, खाली आणि पुढच्या दिशेने, ग्रोथ प्लेटपासून लांब जाणारं. शेवटी गुडघा थोडा वाकवून पट्टा घट्ट करतात. किती घट्ट? गुरांच्या दाव्याइतका. जनावर गोठ्यात फिरतं तोवर दावं सैल असतं, हद्द ओलांडू लागलं की ताणतं. पट्टा सतत ताणलेला राहिला तर वाटी आतल्या बाजूला दाबली जाते, कूर्चा घासते, गुडघा वाकत नाही. ऑपरेशननंतर सगळ्यात हट्टी दुखणं घेऊन आमच्याकडे येतात ती अशीच मुलं.

फार लहान मुलांत किंवा ग्रोथ प्लेटजवळ छिद्र नकोच असेल तर डॉक्टर मांडीच्या पुढच्या स्नायुबंधाची एक पट्टी वळवून वापरतात, किंवा वाटीखालच्या स्नायुबंधाचा अर्धा भाग आत सरकवतात. हाडाला हात न लावता केलेले हे उपाय जुने आहेत, पण वाढत्या वयात अजून उपयोगाचे.

*टेकणारे गुडघे सरळ करणं.* गुडघे आत झुकलेले असतील आणि वाढ किमान वर्षभराची शिल्लक असेल, तर मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला, ग्रोथ प्लेटवर, दोन स्क्रूंची धातूची छोटी प्लेट बसवतात. आतली बाजू थांबते, बाहेरची वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. दर तीन-चार महिन्यांनी एक्स-रे काढावा लागतो. पाय सरळ झाला की प्लेट काढावीच लागते, नाहीतर तो उलट्या बाजूला वाकू लागेल. ही तारीख चुकवणारे पालक मी पाहिले आहेत. गावाहून येणं जमलं नाही, मूल बरं दिसत होतं, आणि वर्ष गेलं. मला विचाराल तर योग्य वयात हा उपाय फार चांगला आहे, कारण यात वाढच आपलं काम करते. पण वाढ संपत आली की तो हातचा गेला.

*नडगीचा उंचवटा सरकवणं.* टीटी-टीजी जास्त असेल किंवा वाटी उंच असेल तर उंचवट्याचं हाड कापून आत किंवा खाली सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. हे वाढ संपल्यावरच. आधी केलं तर नडगीची पुढची बाजू वाढायची थांबते आणि गुडघा मागे, उलट्या दिशेने वाकू लागतो.

खोबण खोल करण्याचं ऑपरेशनही ग्रोथ प्लेट दुखावण्याच्या भीतीने वाढत्या मुलात करत नाहीत. हाडाचा पीळ काढणं फक्त पीळ खूप असेल तेव्हाच.

राहिलं बाहेरच्या बाजूचं आवरण सैल करणं, लॅटरल रिलीज. बाहेरची बाजू खरंच घट्ट असेल तर ते दुसऱ्या ऑपरेशनच्या जोडीला करतात. सरकणाऱ्या वाटीवर एकटा उपाय म्हणून ते आता मानलं जात नाही. वाटी उलट आतल्या बाजूला सैल होऊ शकते. कुणी फक्त एवढंच सुचवलं, तर दुसरं मत घ्या.

डॉक्टरांना विचारायचं

फाईल उघडून बसलात की खालचे प्रश्न विचारा. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

माझ्या मुलाची वाटी सरकण्याची कारणं कोणती, आणि या ऑपरेशनने त्यातली कोणती दूर होतील? ग्रोथ प्लेट उघडी आहे का, आणि छिद्र तिच्यापासून कसं लांब ठेवणार? एका ऑपरेशनमध्ये भागेल, की वाढ संपल्यावर दुसरं लागेल? वाढत्या मुलांमध्ये हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का? दुसरा गुडघाही तसाच आहे का?

खर्चाचंही त्याच वेळी विचारा. अँकर, स्क्रू, प्लेट यांचं बिल पुष्कळदा वेगळं येतं, आणि ब्रेस आणि फिजिओ कुणी धरतच नाही. कॅशलेस विमा असेल तर मंजुरी आधी घ्या. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. नेमकं तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का हे ऑपरेशनच्या नावासकट त्यालाच विचारा.

ऑपरेशनच्या आधी

तारीख मिळाली की आमच्याकडे या. आधीच ताकद कमावलेला स्नायू नंतर लवकर जागा होतो. कुबड्यांवर चालायचंही आधीच शिकवतो. दुखत्या पायाने पहिल्यांदा जिना चढण्यापेक्षा ते बरं.

घरात कमोडची सोय बघा. भारतीय संडासात काही आठवडे बसता येणार नाही. कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते. अंथरूण जमिनीवर असेल तर पलंग किंवा दिवाण लागेल. शाळेला कळवा आणि वर्ग तळमजल्यावर मिळतो का पाहा. दुचाकीवरून नेणं विसरा, ब्रेसमध्ये सरळ पाय मावत नाही. रिक्षात मूल मागच्या सीटवर आडवं बसवून पाय सीटवरच लांब करायचा, तुम्ही ड्रायव्हरशेजारी न बसता मागून दुसऱ्या रिक्षात.

आदल्या रात्री जेवण नेहमीचं. ऑपरेशनच्या आधी सहा तास घन पदार्थ बंद आणि दोन तास साधं पाणीही बंद; दूध घन पदार्थातच धरा. नेमक्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील. खोकला-ताप असेल तर लपवू नका, तारीख पुढे जाईल म्हणून भूल धोक्याची करू नका.

त्या दिवशी आणि पुढचे सहा आठवडे

नुसता पट्टा बसवायचा असेल तर ऑपरेशन साधारण एक ते दोन तासांचं. बहुतेक मुलं एक-दोन रात्रींत घरी येतात. भुलीसोबत मांडीत नस बधिर करतात, त्यामुळे पहिले काही तास दुखत नाही आणि पाय उचलताही येत नाही. घाबरू नका, गोळ्या मात्र बधिरपणा जायच्या आधी सुरू करा.

सगळ्यात आधी मांडीचा पुढचा स्नायू जागा करायचा असतो. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, त्यावर गुडघा दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. ऐकायला पोरकट. पण ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मूल चेहरा लाल करून दाबतं आणि मांडीचा स्नायू हलतसुद्धा नाही, तेव्हा आई रडते आणि मूलही. तो दोन-तीन दिवसांत हलायला लागतो. पुढचा टप्पा म्हणजे पाय सरळ ठेवून उचलणं, गुडघ्यात जराही न वाकता. हे जमेपर्यंत कुबड्या सोडायच्या नाहीत.

नुसता पट्टा बसवला असेल तर ब्रेस लावून पायावर भार लवकर देतात; हाड कापलं असेल किंवा कूर्चेचा तुकडा बसवला असेल तर काही आठवडे थांबतात. गुडघा वाकवणं हळूहळू वाढवत सहा आठवड्यांपर्यंत 90 अंशांच्या पुढे जावं, असं बहुतेक ठिकाणी ठरवतात. तुमच्या डॉक्टरांचा कागद वेगळं म्हणत असेल तर तो कागद खरा. आजी प्रेमाने "दुखतंय तर राहू दे" म्हणते, आणि तिथेच गुडघा आखडायला लागतो. आजीलाही एकदा सोबत आणा.

लगेच फोन करावा अशी लक्षणं: ताप, जखमेतून पू किंवा न थांबणारा स्राव, गोळ्यांनंतरही वाढत जाणारं दुखणं, पोटरी सुजून दुखणं, पावलाची बोटं बधिर, थंड किंवा निळसर होणं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोन नको, सरळ रुग्णालय. जखमेच्या खाली, नडगीच्या बाजूला चार बोटांची जागा बधिर राहते, ती त्वचेच्या छोट्या नसेमुळे. ती पुष्कळांत हळूहळू लहान होत जाते.

मैदानावर परत

मांडी घालून बसणं साधारण तीन महिन्यांनंतर, उकिडवं बसणं त्याहून उशिरा, दोन्ही डॉक्टरांना विचारून. सरळ रेषेत पळणं तीन-चार महिन्यांनी. कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल, फुटबॉल, नाच, जिथे जिथे पाय रोवून वळावं लागतं, ते सहा ते नऊ महिन्यांनी.

पण कॅलेंडर बघून मैदानावर सोडू नका. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 85-90 टक्के आली का, एका पायावर उडी मारून स्थिर उतरता येतं का, उतरताना गुडघा आत पडतो का, हे तपासल्याशिवाय नाही. तालुका स्पर्धेसाठी क्रीडाशिक्षकांचा फोन येतो, मूल विनवण्या करतं. त्या वेळी नाही म्हणायचं काम फिजिओवर ढकला, आम्हाला सवय आहे.

नंतर काय बिघडू शकतं

पट्टा नवा बसवला तरी काही मुलांची वाटी पुन्हा सरकते. सांधे फार सैल असलेली, खोबण सपाट असलेली आणि बांधणीतला दोष तसाच राहिलेली मुलं यात जास्त. गुडघा आखडणं, पुढच्या बाजूला दुखत राहणं, क्वचित वाटीला तडा, जंतुसंसर्ग, आणि वाढीत फरक, एवढी यादी संमतीपत्रावर असते. सही करण्याआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारा.

वाढ चालू असलेल्या मुलाचं ऑपरेशन झालं असेल तर टाके निघाले, पाय बरा झाला, मूल खेळायला लागलं, तरी ग्रोथ प्लेट मिटेपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी पायाची लांबी आणि सरळपणा तपासावा लागतो. थोडी तफावत लवकर सापडली तर छोट्या प्लेटने सावरता येते. एक्स-रेच्या फिल्म, एमआरआयची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि बसवलेल्या स्क्रू किंवा अँकरच्या पाकिटावरची स्टिकरं एकाच फाईलमध्ये ठेवा. काही वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांना आत नेमकं काय बसवलंय हे त्या स्टिकरवरूनच कळतं.